नदी कोणत्या पानावर आहे?

...अन् नदी कुठून आली, हे बाबारावले आजपर्यंत सांगता आलेलं नाही. अहो, कथा अकरा पानांची. त्या अकरा पानांत एक खोली आहे, एक वजनकाटा आहे, एक रजिस्टर आहे, एक बाई आहे, अन् पाण्याचं म्हणाल तर एका ठिकाणी माठ आहे, तोही रिकामा. अन् या भल्या माणसानं लिहून काय पाठवलं? 'या कथेतली नदी ही केवळ नदी नाही, ते एक मूक पात्र आहे.' आता मूक तर असणारच ना भाऊ, ती तिथं नव्हतीच.

पण असं मधूनच नको. तुम्हाले पहिल्यापासून सांगतो.

बाबाराव गावंडे. कोराडीच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये, चौतीस वर्षं. तिथं सकाळी उठलं की पहिले खुर्चीवरची राख पुसायची, मग बसायचं. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, धरमपेठेत फ्लॅट घेतला, अन् पहिल्याच सकाळी फडकं घेऊन खुर्चीपाशी उभे राहिले तर खुर्ची स्वच्छ. पुसायले काही नाही. करायलेही काही नाही. आठ दिवस हा माणूस स्वच्छ खुर्चीवर बसून राहिला. नवव्या दिवशी शामलाबाई, म्हणजे यांची बायको, म्हणाली, "अहो, तुम्ही घरात बसून राहिले की मले माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटते. कुठं तरी जात जा ना."

म्हणून वाचनालय. गल्लीच्या टोकालेच होतं. तिथं एक वाचक मंडळ, अन् त्या मंडळाच्या शोभाताई. बाई अशा गोड, की तुम्ही नाही म्हणायले तोंड उघडलं तर बाहेर हो पडते. मंडळाचा नियम एकच: आठवड्याले एक पुस्तक न्यायचं, अन् रविवारी दहाच्या आत मंडळाच्या व्हॉट्सॲपवर अभिप्राय टाकायचा.

पहिल्या आठवड्यात बाबारावनं चांगली जाडजूड कादंबरी आणली. मनापासून आणली, हे मी तुम्हाले शपथेवर सांगतो, माणूस लबाड नाही. चौदा पानं वाचली. पंधराव्या पानावर चष्मा ठेवला अन् झोप लागली. मग रोजच लागू लागली. रविवार उजाडला, साडेनऊ झाले, पुस्तक फ्रिजवर, अन् पुस्तकावर शामलाबाईनं लोणच्याची बरणी ठेवलेली. बाबारावनं बरणी तिरपी केली, मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला, तीच वाक्यं जरा इकडची तिकडं केली अन् लिहून टाकलं: 'मानवी मनाचा तळ गाठणारी कलाकृती. हातात घेतली की खाली ठेववत नाही.'

आता हातात घेतलीच नव्हती तर खाली ठेवायचा प्रश्न कुठं येते, सांगा. पण शोभाताईचं उत्तर आलं, अन् ते त्यांच्या त्या सावकाश, इस्त्री केलेल्या आवाजातच ऐकू आलं म्हणे बाबारावले: "बाबारावजी... किती खोल वाचता हो तुम्ही."

खोल. चौतीस वर्षं स्टोअरमध्ये लोक या माणसाले फक्त एकच वाक्य म्हणत आले होते, 'बेअरिंग आली का?' कोणी खोल म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यांनी दिवसभर गुळाच्या खड्यासारखा गालात धरून ठेवला.

तिथून मग पद्धतच पडली. कादंबरी असली की मागचं कव्हर. कविता असल्या की पहिल्या कवितेची पहिली ओळ अन् शेवटच्या कवितेची शेवटची ओळ. आत्मचरित्र असलं तर मधले फोटो. अन् सर्वांत सोपं काय, माहीत आहे का? संग्रह. वीस-पंचवीस लेखक एकाच पुस्तकात कोंबलेले. अनुक्रमणिका उघडायची, दोघा-चौघांची नावं घ्यायची, एकाच्या नावापुढं 'अपेक्षाभंग' लिहायचं म्हणजे आपण निर्भीडही ठरतो, अन् बाकीचे 'दखल घ्यायला लावणारे'. एकदा मूळव्याधीवरच्या घरगुती उपायांचं पुस्तक चुकून यांच्या पिशवीत आलं. बाबारावनं न पाहता लिहिलं: 'लेखकाने वेदनेला शब्द दिले आहेत. हातात घेतलं की खाली ठेववत नाही.' त्याच्यावर नऊ जणांनी टाळ्या पाठवल्या. नऊ. म्हणजे अभिप्राय कोण किती वाचत होतं, तेही तुमच्या ध्यानात आलं असंल.

मंडळात एक महादेवराव होते, ते प्रत्येक पुस्तकावर एकच मत द्यायचे: 'छपाई चांगली आहे. अक्षर मोठं आहे.' लोक हसत त्यांले. मले विचाराल तर तेवढा एकच माणूस तिथं प्रामाणिक होता. त्यानं पुस्तक उघडून तर पाहिलेलं असायचं.

असे सहा वर्षं गेले. सहा वर्षं बाबाराव खोल वाचत राहिले.

मग आला तो संग्रह. 'कन्हानकाठच्या कथा'. एकवीस नवे लेखक, जिल्ह्यातलेच, पहिल्यांदाच छापलेले. निळं कव्हर, त्यावर होडी. रविवार, नऊ चाळीस, समोर तर्री-पोहे थंड होऊन राहिले होते. बाबारावनं अनुक्रमणिका उघडली. वरचे लोक नेहमीच घेतो, म्हटलं यंदा शेवटचं नाव घेऊ, नव्या माणसाले बरं वाटंल. एकविसावं नाव: तुळसाबाई रामटेके, मौदा. कथा, 'वजनकाटा'. आता पाहा यांचं डोकं कसं चाललं. मौदा कन्हानच्या काठावर. पुस्तकाच्या नावात कन्हान. कव्हरवर होडी. बाई लिहून राहिली. म्हणजे नदी असणारच. नसंल तर जाईल कुठं? लिहिलं, पाठवलं, पोहे खाल्ले. शोभाताईले ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की त्यांनी ते छापून काढून वाचनालयाच्या फळ्यावर डकवलं, अन् संग्रहाच्या लेखकांलेही फोनवर पाठवलं.

बुधवारी सकाळी अकराले दाराची घंटा वाजली.

दारात बासष्ट-त्रेसष्टची एक बाई. पोपटी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत प्लॅस्टिकची फाईल, हातात कापडी पिशवी. मौद्याहून बसनं आलेली, मग ऑटोनं, मग पत्ता विचारत पायी.

"बाबारावजी गावंडे तुम्हीच का जी?"

"हो, मीच."

"मी तुळसाबाई. एकवीस नंबरची."

बाबारावले आधी वाटलं, नंबर म्हणजे काय, मीटर पाहायले आली का. मग फाईलमधून निळं कव्हर बाहेर आलं. शामलाबाईनं पाणी दिलं. तुळसाबाई खुर्चीच्या टोकावर बसली, पुस्तक उघडलं, पेन्सिलीच्या खुणाच खुणा, अन् अशी विचारती झाली, जशी शाळेतली पोरगी गुरुजीले शंका विचारते:

"तुमचं लिहिलेलं माह्या पुतणीनं फोनमध्ये दाखवलं. मंग मी माहीच कथा पुन्हा वाचली. चार वेळा वाचली. पुतणीनंही वाचली. सर, नदी कोणत्या पानावर आहे?"

तुम्हाले सांगतो, स्टोअरमध्ये कधी कधी तपासणीले वरचा साहेब यायचा अन् म्हणायचा, कागदावर ही वस्तू आहे, फळीवर दाखवा. अन् फळीवर नसायची. बाबाराव म्हणतात, हेही तसंच झालं. समोर एक बाई, साठी उलटलेली, दोन वाहनं बदलून आलेली, अन् तिच्या चेहऱ्यावर संशय नाही, राग नाही. तिले वाटून राहिलं होतं की आपल्यालेच आपलं लिहिलेलं नीट वाचता आलं नाही.

अन् अशा वेळी या माणसानं काय म्हणावं? म्हणाले, "ती... ओळींच्या मधे आहे, बाई."

शामलाबाईनं ट्रे टेबलावर आपटला.

तुळसाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाली, "मले वाटलंच. सर, नदी होती. मी काढून टाकली."

मग तिनं सांगितलं ते असं. ती अंगणवाडी सेविका, एकतीस वर्षं. दर महिन्याले पोरांची वजनं करायची अन् रजिस्टरात लिहायची. चोवीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. नदीपलीकडं सात घरांची वस्ती, तिथं एक दीड वर्षाची पोरगी, काजल नावाची, आधीच अशक्त. कन्हानले पूर, होडी बंद. चार दिवसांनी पाणी उतरलं, होडी सुरू झाली, पण ही गेली नाही. वरून कागद मागून राहिले होते. हिनं घरी बसून मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवले अन् लिहून टाकलं, आठ किलो. खरं वजन सात किलोच्याही खाली उतरलं होतं. ते वेळेवर दिसलं असतं तर पोरगी तेव्हाच दवाखान्यात गेली असती. तिले नेलं महिनाभरानं, अन् नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये ती एकोणीस दिवस राहिली. वाचली, पण थोडक्यात.

"कथेत मी आधी नदी लिहिली होती," तुळसाबाई म्हणाली. "मंग वाटलं, नदी ठेवली तर वाचणारा म्हणंल, बिचारी, पूर होता. मले बिचारी नव्हतं व्हायचं. म्हणून मी नदी काढली. कोणाले सांगितलं नाही, छापणाऱ्याले नाही, पुतणीले नाही. अन् तुम्हाले ती दिसली. कशी दिसली जी?"

आता ही वेळ होती. दार उघडं होतं, बायको साक्षीले होती, एक वाक्य बोलायचं होतं. बाबारावनं तोंड उघडलंही. अन् बाहेर आलं, "वाचता वाचता... जाणवलं."

नदी कुठं होती अन् कुणाले दिसली! तुळसाबाईनं हात जोडले हो त्यांले. हात जोडले अन् म्हणाली, "येत्या रविवारी वाचनालयात या पुस्तकावर चर्चा आहे. काजलले मी बोलावलं आहे. नागपुरातच असते ती, एका दवाखान्यात एक्स-रे काढते. मी तिले आजवर सांगू शकली नाही. दरसाल म्हणतो सांगू, जीभ उचलत नाही. माह्या कथेवर तुम्ही बोला. तुम्ही समजून वाचलं आहे. तुमच्या तोंडून आलं तर तिले नीट समजन." कापडी पिशवीत घरची तुरीची डाळ होती, ती टेबलावर ठेवली अन् गेली.

दार लागलं. शामलाबाई एवढंच म्हणाली, "पुस्तक कुठं आहे?"

"फ्रिजवर."

"आणा. अन् इथं बसा, माझ्यासमोर."

भर दुपारी, जेवण झालं की आडवं व्हायच्या वेळेले, बाबाराव ताठ बसून वाचायले लागले. अकरा पानं, दोन चहा. सहा वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत. सातव्या पानावर ती बाई आकडा लिहायच्या आधी पेन्सिलीले टोक करते, लिहीत नाही, पुन्हा टोक करते, मग लिहिते. शेवटच्या पानावर ती दवाखान्याच्या व्हरांड्यात मांडीवर रजिस्टर घेऊन बसते, पोरीच्या आईले खरं सांगायचं म्हणून गेलेली असते, अन् न सांगता परत येते. नदी नाही, पूर नाही, सबब म्हणून काहीच नाही. एका बाईनं स्वतःच्या हातानं आपली सबब खोडली होती, अन् याच्या दोन मिनिटांच्या अभिप्रायानं ती परत आणून तिच्या अंगावर टाकली होती.

वाचून झालं तरी बाबाराव पुस्तक मिटेनात. शामलाबाईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "तिनं न मोजता लिहिलं, त्याची तिले चोवीस वर्षं झोप नाही. अन् मी..." संध्याकाळी तुळसाबाईले फोन लावला, खरं सांगायचं ठरवून लावला. तिनं उचलला, "बोला सर" म्हणाली. अन् हे म्हणाले, "घरी नीट पोचल्या ना?" ठेवून दिला. शुक्रवारी पुन्हा लावला, अन् 'डाळ छान शिजली' म्हणून ठेवला. शामलाबाई कपाळाले हात लावून बसली.

रविवार. वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, एकोणीस माणसं. तुळसाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर तीच फाईल. तिच्या मागं एक उंच, सावळी पोरगी हाताची घडी घालून बसलेली. ती काजल. शोभाताईनं ओळख करून दिली: "आपल्या मंडळातले सर्वांत सखोल वाचक..." त्या 'सखोल'वर बाबारावनं मान खाली घातली. उभे राहिले, टेबलाची कड धरली, अन् म्हणाले:

"मी ही कथा वाचली नव्हती."

टाळ्या पडल्या. मी खोटं सांगत नाही, टाळ्या. शोभाताई कौतुकानं बाजूच्या बाईले म्हणाल्या, "पाहिलंत, सुरुवात कशी केली ते."

"नाही ताई. खरंच नव्हती वाचली. कव्हरवर होडी होती म्हणून मी नदी लिहिली. मी पुस्तकं वाचत नाही, कव्हरं वाचतो. सहा वर्षं झाली."

महादेवराव, ते छपाईवाले, त्यांनी तेवढी समजूतदारपणे मान हलवली. तुळसाबाईनं फाईल मिटली. बाबारावनं ते पाहिलं अन् त्यांले वाटलं, आता ही उठून जाईल, अन् गेली तर बरोबरच आहे. ती उठली नाही.

"बुधवारी ही बाई माझ्या घरी आली, त्याच्यानंतर मी वाचली. याच्यावर माझ्याजवळ मत नाही. कथा आहे, ती वाचून दाखवतो." अन् त्यांनी ती अकराच्या अकरा पानं वाचली. वाचन काही चांगलं नव्हतं, दोनदा अडखळले, एकदा ओळ चुकली, आठ किलोपाशी थांबून पाणी प्याले. संपलं तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मागच्या रांगेतून काजल उठली अन् तुळसाबाईच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली. "मावशी, ती पोरगी मीच ना?"

तुळसाबाईनं हो म्हणून मान हलवली.

"तुम्ही त्या महिन्यात आल्या नव्हत्या, हे आमच्या घरी माहीत होतं. नाही कसं राहणार? काटा आमच्याच आंब्याले टांगायच्या तुम्ही. डॉक्टरनं आईले विचारलं होतं, मागल्या महिन्यात वजन झालं होतं का. आई म्हणाली, झालं होतं."

"काहून वं?" तुळसाबाई तिच्याकडं वळली. "काहून म्हणाली असं?"

"आई म्हणे, कन्हानले पूर होता. पुरात कोण येते. खरं सांगितलं तर बाईची नोकरी जाईल, अन् नवी बाई आली तर ती पूर नसतानाही येणार नाही."

तुळसाबाईनं तिचा हात धरला. पूर उतरला होता, होडी सुरू झाली होती, हे तिनं तिथंच, त्या पोरीच्या कानाशी लागून सांगितलं. काजलनं ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाली. हात मात्र सोडवून नाही घेतला.

चहाच्या वेळी बाबाराव कप घेऊन तुळसाबाईपाशी गेले. माफीची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, पण तीच आधी बोलली.

"मी चार वेळा वाचली जी, तुमच्या नदीपायी," ती म्हणाली. राग होता त्यात, अन् असायलेच पाहिजे. "चष्म्याचा नंबर वाढला. मले वाटलं, आपण काय लिहून बसलो."

"चुकलो, बाई."

"हाव, चुकलेच तुम्ही." चहाचा घोट घेतला. "पण आता वाचली ना? कशी वाटली?"

दोनशेच्या वर पुस्तकांवर मत दिलेला माणूस. तळ गाठलेला, गंध घेतलेला, वेदनेला शब्द देणारा. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सातव्या पानावर ती पेन्सिलीले दुसऱ्यांदा टोक करते ना... तिथं मी थांबलो. पुढं जाववेना."

तुळसाबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "लिहिताना तिथं मीही थांबली होती," ती म्हणाली. "आठ दिवस."

संपलं. म्हणजे तुम्ही म्हणाल, संपलं, माणूस सुधारला, गोड शेवट. अहो, पण मंडळ तर चालूच आहे ना. शोभाताईचा तर आजही विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, "इतका सुंदर अभिप्राय न वाचता कोणी लिहीलच कसा? त्या दिवशी बाबारावजींनी मोठ्या मनानं त्या बाईंचा मान राखला." यावर काय बोलणार? बोलून पाहिलं त्यांनी, दोनदा बोलून पाहिलं. शोभाताई नुसत्या हसल्या.

बाबाराव आता खरंच वाचतात. शामलाबाईसमोर बसून, दुपारी. झोप येते, तोंड धुऊन पुन्हा बसतात. एका पुस्तकाले तीन-तीन आठवडे लागतात, अभिप्राय उशिरा जातो, अन् असतो कसा? 'चाळीस पानं झाली. नवरा घर सोडून काहून गेला ते मला अजून कळलं नाही. पुन्हा वाचतो.' टाळ्या नाहीत. अंगठाही नाही. मागच्या रविवारी शोभाताईनं वाचनालयाच्या पायरीवरच गाठलं, बाजूले घेतलं, अन् त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बाबारावजी, रागावू नका हं. पण अलीकडे तुमच्या लिहिण्यात ती पूर्वीची मजा राहिली नाही. वाचन कमी झालंय का तुमचं?"

बाबारावनं हातातल्या पुस्तकातली खूण सरळ केली, अन् म्हणाले, "हो ताई. फारच कमी झालंय."